एका उशीचा संसार

"वेगळे कधीपासून राहताय?" गराडे वकील मॅडमनी विचारलं.

"लग्न झाल्यापासून," मी म्हणालो.

शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या माझ्या बायकोनं, करिष्मानं, मान डोलावली. त्या महिन्यात आमचं एकमत झालं ते एवढ्या एकाच मुद्द्यावर.

"मग आता घटस्फोट कशासाठी?"

"आता एकत्र राहायला लागलो ना, म्हणून."

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. त्यांचं ऑफिस दापोडीत, रेल्वेच्या रुळांना चिकटून, पहिल्या मजल्यावर. खाली मिरची कांडप. त्यामुळे येणारा प्रत्येक पक्षकार डोळे पुसतच जिना चढायचा आणि मॅडम काही विचारायच्या आधी पाण्याचा ग्लास पुढं करायच्या. लोकल आली की त्या वाक्य मध्येच थांबवायच्या आणि गाडी गेल्यावर बरोबर पुढच्या शब्दापासून उचलायच्या.

"तुम्हाला घटस्फोट," मॅडम म्हणाल्या, आणि लोणावळा लोकल आली. मी करिष्माकडं पाहिलं. ती कॅलेंडरकडं पाहत होती. गाडी गेली. "लगेच मिळणार नाही."

मला बरं वाटलं. का, ते मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही.

लग्न झालं तेव्हा मी चाकणला, गाड्यांचे पत्रे दाबणाऱ्या एका प्रेस शॉपमध्ये कॉन्ट्रॅक्टवर होतो. नाइट अलाउन्स मिळतो म्हणून कायमची बारा तासांची रात्रपाळी मागून घेतली होती. करिष्मा चाकणलाच, दुसऱ्या कंपनीत, गाड्यांच्या वायरिंगच्या लाइनवर, तिची दिवसपाळी. तिला सुट्टी गुरुवारी, मला रविवारी, आणि तेव्हा पैशासाठी दोघंही सुट्टीलाही ओव्हरटाइम करायचो. पिंपळे गुरवला वन रूम किचन घेतलं. सकाळी माझी कंपनीची बस मला नाशिक फाट्याला उतरवायची आणि तिची बस तिथंच तिला उचलायची. मधे एका कटिंग चहापुरता वेळ. तेवढ्यात ती माझ्या हातात घराची किल्ली द्यायची आणि बातम्या सांगायची. "दूध तापवलंय. नळाला पाणी आलं नाही. खालच्या काकूंशी बोलू नकोस, आपण रुसलोय." मग बस हॉर्न वाजवायची.

संध्याकाळी उलटं. ती उतरायची, मी चढायचो, किल्ली परत तिच्याकडं.

घरात सगळं एकेकच होतं. एक उशी, एक मग, दाराला एक खुंटी. आम्ही काही कंजूष नव्हतो. दुसऱ्याची गरजच पडली नाही. सकाळी मी घरी पोचायचो तेव्हा उशीला तिच्या तेलाचा वास असायचा. ओट्यावर झाकलेली पोळी, आणि रेडिओ तिला आवडणाऱ्या स्टेशनवर, आवाज बारीक करून तसाच सोडलेला. मी त्या आवाजात झोपायचो. संध्याकाळी निघताना मी कांदा चिरून ठेवायचो, कारण कांद्यानं तिचं डोकं दुखायचं. ते मला तिनं कधी सांगितलं नव्हतं. तिनं चिरलेल्या कांद्यावरून कळायचं. पहिले काप बारीक आणि पुढं पुढं सगळा वैताग.

एकदा माझी आई जामखेडहून आठवडाभर राहायला आली. दिवसा तिनं मला झोपलेलं पाहिलं, रात्री करिष्माला. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाली, "व्हय रं गणराज, तुमचं लगीन एकमेकांशीच झालंय न्हवं?"

आम्ही भांडायचोही नाही. भांडणाला नीट सुरुवात करायची म्हटली तरी अर्धा तास लागतो. आमच्याकडं एक कटिंग होता.

मग मी पर्मनंट झालो. कंपनीत पेढे वाटले. साहेब म्हणाले, "गणराज, आता तुला जनरल शिफ्ट. घरी बायकोबरोबर जेवायचं." त्यांना वाटलं, उपकार केले.

पहिल्या रात्री आम्ही दोघंही पलंगाच्या भिंतीकडच्या बाजूला झोपायला गेलो. दोघांचीही तीच जागा होती. "तू सरक," ती म्हणाली. "ही माझी बाजू आहे," मी म्हणालो. "तुझी कशी? मी इथंच झोपते." दोघांचंही खरं होतं. दुसऱ्या दिवशी दुसरी उशी आणली, ती कुणालाच नको. नंतर मगावरून वाद. नंतर खुंटीवरून. मला कळलं की करिष्मा कुकरच्या शिट्ट्या मोठ्यानं मोजते आणि चुकली की कुकरला झापते. तिला कळलं की मी झोपेत मशीनला हाका मारतो, तेही नावानं. वर्षभरात अशी वेळ आली की आम्ही रोज सकाळ-संध्याकाळ भांडायचो. गुरुवारी आणि रविवारी फक्त संध्याकाळी, कारण सकाळी सुट्टीवाला झोपलेला असायचा.

"एका घरात वेगवेगळ्या शिफ्टला राहणं म्हणजे कायद्यानं वेगळं राहणं नव्हे," हे सगळं ऐकून मॅडम म्हणाल्या. "तसं असतं तर निम्मी एमआयडीसी घटस्फोटित निघाली असती. दोघांच्या संमतीनं हवा असेल तर आधी वर्षभर खरोखर वेगळे राहा. मग या."

घर तिच्याकडं राहिलं. मी दापोडीत कॉट बेसिसवर, म्हणजे फक्त एका खाटेचं भाडं भरून, जागा बघितली. ती कॉट रात्री विक्की नावाचा एक वेल्डर वापरायचा, मला मिळाली दिवसाची. म्हणून साहेबांकडं जाऊन पुन्हा रात्रपाळी मागितली. साहेब म्हणाले, "पर्मनंट माणूस स्वतःहून रात्रपाळी मागतो? घरी सगळं ठीक ना?" मी म्हणालो, "ठीक होण्याची शक्यता आहे." विक्कीला मी वर्षभरात एकदाही पाहिलं नाही. आमचं फार छान जमायचं.

बस मात्र तीच. सकाळी नाशिक फाट्याला उतरलो तर करिष्मा उभी. पहिले काही दिवस तिनं मला ओळख दिली नाही. मी तिच्यापासून चार माणसं सोडून चहा प्यायचो. मग एका सकाळी ती माणसं ओलांडून आली.

"सिलेंडरचा रेग्युलेटर बसत नाहीये."

"उलटा फिरवून बघ. आधी खालची कड वर ओढ."

"बघते." ती गेली नाही. "कसा आहेस?"

"विक्कीबरोबर राहतो."

"तो कसा आहे?"

"घोरतो की नाही, माहीत नाही."

ती हसली आणि तिच्या बसनं हॉर्न दिला. त्यानंतर रोजच. नळाला पाणी येतंय, खालच्या काकूंशी बोलणं सुरू झालंय, लाइनवर नवीन पोरगी आलीये ती निळी वायर हिरवीत खुपसते. मी ऐकायचो. मधे आमच्यात एक वर्षभर भांडण झालं होतं, तेवढं सोडून सगळं होतं तसं होतं. चहावाला बदलला होता आणि डोक्यावरून मेट्रो जात होती, पण करिष्मा अजूनही बशीत ओतूनच प्यायची, बस सुटायला आली तरी.

वर्ष भरलं तसा मॅडमचा फोन आला. अर्ज तयार आहे, दोघं सह्या करायला या.

जिन्यात मिरचीनं डोळे भरून आले. बरंच झालं. मला सही करायची नव्हती. पण करू नको असं तिला म्हणायचं तर पुढं काय म्हणणार? परत ये? म्हणजे परत ती खोली, तो पलंग, भिंतीकडची बाजू. ते दोघांनाही नको होतं. नेमकं काय हवंय त्याला माझ्याकडं शब्द नव्हता, आणि टेबलावर पेन ठेवलेलं होतं.

मॅडम वाचत होत्या, "उभयतांना एकत्र राहणे अशक्य झाले असून..."

"बरोबर आहे," करिष्मा म्हणाली आणि तिनं पेन उचललं.

"मॅडम," मी म्हणालो, "नवराबायकोनं एका घरात राहिलंच पाहिजे, असं कायद्यात आहे का?"

लोकल आली. करिष्माचं पेन कागदाच्या वर तसंच थांबलं. इतकी हळू गेलेली लोकल मी आजवर पाहिलेली नाही.

"कलम नऊ," गाडी गेल्यावर मॅडम म्हणाल्या. "जोडीदार नांदत नाही म्हणून एकानं अर्ज केला, तर कोर्ट दुसऱ्याला बोलावतं. कुणी अर्जच केला नाही, तर कोण कुठं झोपतं ते बघायला कोर्ट येत नाही."

मी करिष्माकडं वळलो. "मी अर्ज करणार नाही."

मॅडमनी चष्मा काढला. मी बायकोला आजवर म्हटलेलं हे सगळ्यात प्रेमाचं वाक्य होतं, आणि ते वकिलासमोर म्हणावं लागलं.

करिष्मा म्हणाली, "मला तुझी आठवण येत नाही, खरं सांगते. तू फाट्याला रोज दिसतोसच. तू नुकताच गेलेला असायचास ना, तेव्हाच्या घराची येते. आता कामावरून येते तर घर सकाळी सोडलं तसंच असतं. कुणी काही हलवलेलं नसतं."

"मी दिवसा येऊन हलवून जात जाईन."

"विक्कीला काय सांगशील?"

"त्याला कळणारसुद्धा नाही."

तिनं पेन खाली ठेवलं. मग परत उचललं.

"आणि उद्या मीच अर्ज केला तर? कलम नऊचा?"

"तर मी येईन."

"कोर्टानं बोलावल्यावरच?"

"नाही. तू फाट्यावर सांगितलंस तरी."

तिनं पेनाला टोपण लावलं आणि ते मॅडमपुढं सरकवलं. मॅडमनी अर्ज उचलला. "मग हा फाडून टाकू?"

"नको हो मॅडम," करिष्मा घाईनं म्हणाली. "असू द्या तुमच्याजवळ. परत एकत्र राहायला लागलो तर लागेल."