भिंतीवरची वहिनी

मालिकेतली आई पहिल्या भागाच्या आधीच गेलेली होती. गोष्ट तिथूनच सुरू व्हायची. बाप, तीन पोरं आणि भिंतीवर आईचा फोटो. फोटो कुणाचा लावायचा यावरून शूटिंगच्या आदल्या दिवशी घोळ झाला, तेव्हा दिग्दर्शकाची बायको म्हणाली, "माझा लावा. फुकटात आहे."

कलादिग्दर्शक बिचकला. "वहिनी, जिवंत माणसाचा फोटो असा..."

"अरे, मेकअप नाही, पाठांतर नाही आणि रोज पडद्यावर! ह्याला चौदा वर्षांत असं काम मिळालं नाही."

ह्याला म्हणजे नवऱ्याला. दिग्दर्शक होण्याआधी चौदा वर्षं तो मालिकांमधून कामं करत होता. धाकटा दीर, इन्स्पेक्टर, नायिकेशी लग्न मोडलेला मुलगा. रडायचा प्रसंग आला की त्याचं नाक लाल व्हायचं आणि डोळे कोरडे ठणठणीत राहायचे. बायको घरी त्यावरून फिरकी घ्यायची. पण नवख्या नटांना तो कोपऱ्यात नेऊन काहीतरी सांगतो आणि त्यांचं काम सुधारतं, हेही तिनंच हेरलं. "दुसऱ्याला बरोबर सांगतोस. स्वतःलाच का सांगत नाहीस कोण जाणे. दिग्दर्शन कर." त्यानं केलं. पुढे दोघांनी मिळून स्वतःची निर्मितीसंस्था काढली. एक खोली, दोन टेबलं, फोन तिच्या टेबलावर.

मालिका अकरा वर्षं चालली आणि फोटोही. रोज सकाळी सेटवर तो तिच्या फोटोखाली चहा प्यायचा आणि वर बघून हसायचा. इथं ती मेलेली, आणि तिकडं ऑफिसात त्याच वेळी फोनवर कुणाला तरी झापत असायची.

सात महिन्यांपूर्वी ती खरंच गेली. घरी त्यानं तिचा एकही फोटो लावला नाही. सेटवर मात्र काहीच बदललं नव्हतं. फोटोखाली चहा घेताना त्याला वाटायचं, इथं मेली आहे म्हणजे ऑफिसात असणार. दिवसातली ती पाच मिनिटं धरून तो उरलेला दिवस ढकलायचा.

मग वाहिनीच्या बाईंचा फोन आला. "सर, प्रेक्षक घटलेत. आईला परत आणू या. ती वारलीच नव्हती. नाहीतर या महिन्यात बंद करावं लागेल."

"आणि चेहरा? फोटोतला चेहरा लोकांनी अकरा वर्षं पाहिलाय."

"लोक विसरतात हो, सर."

साठ माणसांच्या घरच्या चुली त्या मालिकेवर पेटत होत्या. तो "बरं" म्हणाला.

शूटिंगच्या दिवशी कलादिग्दर्शक स्टूल घेऊन आला आणि नुसताच उभा राहिला. "मीच काढतो," म्हणत दिग्दर्शकच स्टुलावर चढला. फोटो निघाला आणि भिंतीवर मागे फिकट चौकोन उरला.

"रंग मारून घेऊ का, सर?"

"नको. अकरा वर्षं होती तिथं. दिसू दे."

प्रसंग साधा होता. बेल वाजते, बाप दार उघडतो, दारात बायको. बापाचं काम करणाऱ्या नटाला सगळे पप्पाच म्हणायचे. पप्पानं दार उघडलं, हंबरडा फोडला आणि गुडघ्यांवर कोसळला. दुसऱ्या खेपेला चौकटच धरून रडला.

"पप्पा, सेट प्लायवूडचा आहे," कॅमेरामन म्हणाला. तो दिग्दर्शकाचा जुना दोस्त. "जरा बेतानं."

"मग करू काय? अकरा वर्षांनी बायको आलीय माझी!"

"रडू नकोस," दिग्दर्शक म्हणाला. "थांब, दाखवतो."

तो दाराच्या आत जाऊन उभा राहिला. नव्या नटीनं बाहेरून बेल वाजवली. त्यानं लगेच दार उघडलं नाही. आधी हातातला चष्मा खिशात ठेवला. मग दार उघडून तिच्या तोंडाकडे न बघता खांद्यावरची जड पिशवी स्वतःकडे घेतली आणि बाजूला सरकला.

"किल्ली परत घरीच ना?" तो म्हणाला. "ये. चहा टाकतो."

ती आत आली. तो दार लावायचं विसरून रिकाम्या जिन्याकडे बघत राहिला. वहिनी जन्मभर किल्ली विसरून बेल वाजवायच्या, हे तिथं फक्त कॅमेरामनला माहीत होतं. तो जवळ आला आणि हळूच म्हणाला, "नाक लाल झालंय तुझं."

"डोळे?"

"तेही."

"आत्ता जमलं होय!" त्यानं रुमाल काढला. "बघायला ती नाही."

पप्पानं मग एका दमात, मान खाली घालून, तसंच केलं. टेक ओके झाला.

संध्याकाळी तो फोटो टॉवेलात गुंडाळून घरी आला. सवयीनं बेलकडे हात गेला. तो त्यानं मागे घेतला आणि कुलूप उघडलं. आत फोटो हातात धरून सगळ्या भिंती पाहिल्या. कुठंच खिळा नव्हता. एकच होता, दाराशेजारी, आणि त्याला तिची किल्ली लटकत होती. ती शेवटची घराबाहेर पडली तेव्हाही विसरली होती.

मग त्यानं किल्ली काढून खिशात टाकली आणि खिळ्यावर फोटो लावला. जरा डावीकडे कलत होता. त्यानं बोटानं सरळ केला.

"चहा टाकतो," तो म्हणाला, आणि सवयीनं दोन कप पाणी ठेवलं.