हाळीनंतरची जागा

मंगलच्या व्हिडिओत सगळ्यात जास्त शिव्या कुठला भाग खात असेल, तर ती काहीच करत नाही तो.

सारोळ्याला नीरेच्या पुलाअलीकडं, सर्व्हिस रोडला तिचा नवरा संपत चहा-वड्याचा गाडा लावतो. तिथून खाली उतरलं की नदीकाठी एक थोराड धोंडा आहे. दिवस कलताना गाड्यावरची गर्दी जरा सैल पडली, की मंगल त्या धोंड्यावर चढायची आणि लेक वैष्णवी मोबाईल धरायची. तोंडाशी दोन्ही हात धरून मंगल गुरांना हाळी द्यायची. "कपिलीऽऽ... मोरीऽऽ... ये गं पवळेऽऽ..." आवाज असा, की पुलावरचा दुचाकीवाला वेग कमी करून कठड्यावरून खाली वाकायचा. मग ती गप्प व्हायची. पलीकडच्या काठाकडं कान लावून नुसती उभी. वारा, पदर, पुलावरचा घरघराट. तेवढ्यावरच व्हिडिओ संपायचा.

हाळी लोकांना आवडली. गप्प उभं राहणं मात्र कुणाला सोसेना. काकूंचं नेटवर्क गेलं, एकानं लिहिलं. बाई हँग झाली, बंद करून परत चालू करा, दुसऱ्यानं. गुरं कुठायत, एखादी शेळी तरी दाखवा, अशी मागणी तर रोजची. एका ताईंनी प्रेमानं सल्ला दिला, की शेवटचा भाग कापलात तर फार पुढं जाल. कुठवर, ते ताईंनी लिहिलं नव्हतं. गंमत अशी, की त्या गप्प भागाला नावं ठेवायची तर तो आधी अख्खा बघावा लागतो. आणि ही मंडळी तो बघून दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. इतकी इमानी गिऱ्हाइकं संपतला कधी मिळाली नव्हती.

संपतची अडचण वेगळी. चहाला येणारी पोरं ग्लास उंच करून "कपिलीऽऽ" करायची. तो हसण्यावारी न्यायचा, पण त्यांच्या वड्याबरोबर मिरची द्यायला हमखास विसरायचा. एकदा त्यानं बायकोला सुचवून बघितलं, की चार दिवस बंद ठेव, लोक हसत्यात.

"हसू द्या," मंगल म्हणाली. "त्यास्नी कुठं हाळी मारतीया मी?"

मग कुणाला, हे संपतनं विचारलं नाही. त्याला ठाऊक होतं.

मंगलचं माहेर वेल्ह्याच्या पुढं, डोंगरमाथ्यावरचा धनगरवाडा. तिथली रीत अशी, की गुरं चारायला गेलेल्यानं परतताना समोरच्या डोंगराच्या धारेवरून हाळी द्यायची आणि घरच्या धारेवरून कुणीतरी उलट हाळी द्यायची. एक लांब, मग दोन आखूड, तोडून. म्हणजे ऐकलं, या. ती आली, की चारणाऱ्यानं "निघाले" म्हणून गुरं वळवायची. तोवर जागा सोडायची नाही, पुन्हा हाकही मारायची नाही. गप्प राहून ऐकायचं. मंगल गुरांमागं जायची तेव्हा घरच्या धारेवर धाकटा भाऊ अमृत असायचा. त्याला पहिल्याच हाकेला ऐकू यायचं, पण बहीण तिकडं ताटकळलेली बघण्यात त्याला भारी गोडी. मुद्दाम उशीर लावायचा. घरी आल्यावर मंगल त्याचा कान पिळायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

पुढं मंगल लग्न होऊन सारोळ्याला आली. बाप, गेणू, गेला. बिबट्यानं वासरं नेली. एकट्या अमृतच्यानं रेटेना, म्हणून त्यानं गुरं विकली आणि ट्रेलरवर ड्रायव्हर झाला. मंगलनं कधी बोल लावला नाही; तोच तोंड चुकवायला लागला. नंबर बदलला, येणं तुटलं. पुण्याहून कोल्हापूरकडं माल नेतो, असं उडत उडत कळलं. म्हणजे जाता-येता याच पुलावरून. थांबत नाही, एवढंच.

वैष्णवीला वाटायचं, आईला गुरांची आठवण येते. ती भोरला कॉलेजात. वर्गातली कोमल रोज डबा उघडताना विचारायची, की काल तुझी आई किती वेळ हँग होती. एक दिवस भोरहून येताना एसटीतच वैष्णवीनं कालच्या व्हिडिओचा गप्प भाग काढून टाकला, हाळीखाली ढोल घातले आणि दिला सोडून. सारोळ्याला उतरेपर्यंत कौतुकाचा पाऊस. मोबाईल नाचवतच ती गाड्यावर आली.

"बघ आई, एकपण वाईट कमेंट नाही."

मंगलनं पिठाचे हात पुसून बघितलं. "आन् मी थांबले हुते ते?"

"ते काढलं. त्यात होतं काय गं? काहीच तर नव्हतं."

"मामाची जागा हुती ती."

वैष्णवीला कळेना. मंगलनं कढईखालचा गॅस बारीक केला आणि धारेची, उलट हाळीची, उशिराची सगळी गोष्ट सांगितली. संपत उगाचच धुतलेले ग्लास पुन्हा धूत होता.

"त्यानं कवा बघितलंच," मंगल म्हणाली, "तर बहिणीनं हाळी दिली आन् ऐकायला थांबलीच न्हाई, असं दिसंल त्याला. मग ती हाळी कसली? नुसतं वरडणं."

वैष्णवीनं ढोलवाला व्हिडिओ काढून टाकला. दुसऱ्या दिवशी आई गप्प झाल्यावर तिनं मोबाईल नेहमीपेक्षा जास्त वेळ धरला, हात भरून येईपर्यंत. खाली लगेच उमटलं, काकू परत हँग. कोमलनं डबा उघडताना विचारलंच. वैष्णवी म्हणाली, काल मीपण होते.

श्रावण सरून भादवा लागला, नदीचं पाणी निवळलं. एका संध्याकाळी मंगलनं हाळी दिली आणि पलीकडच्या काठाकडं कान लावून उभी राहिली. वरून हॉर्न वाजला. एक लांब. मग दोन आखूड, तोडून.

वैष्णवीनं मान वर केली. पुलावर ट्रेलर होता, त्याच्या मागं एसटी, कांद्याचे टेम्पो, सगळेच एकमेकांना बाजूला सारत वाजवत होते. मंगलनं वर बघितलंच नाही. पलीकडच्या काठाकडंच बघत ती हलक्या आवाजात म्हणाली, "निघाले." इतक्या व्हिडिओंत हा शब्द कधी आला नव्हता. मग पदर खोचून धोंड्यावरून उतरली.

"मामाच होता का गं?"

"उशीर तर त्याच्यासारखाच लावला," मंगल म्हणाली.

व्हिडिओ जसा होता तसा गेला. हॉर्न कापा, असं कितीतरी जणांनी लिहिलं. त्या ताईंनी विचारलं, शेवटी काय म्हणालात, ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी धोंड्याकडं उतरण्याआधी ती संपतला सांगून गेली, की गाड्यापुढं दुचाक्या लावू देऊ नका, तेवढी जागा मोकळी ठेवा. मोठ्या गाडीला थांबायला लागती.