सेरवाताईचा ताबा

ऐक ना, मध्ये बोलू नकोस! कुमासी शहरातल्या गॅरेजवाल्या सेरवाताईने बोआडूच्या ट्रोट्रोला, म्हणजे त्याच्या प्रवासी गाडीला, पदरमोड करून नवं इंजिन बसवलं. बोआडूने तिची मजुरी दिली नव्हती आणि गाडीच्या फायनान्सचे हप्तेही थकवलेले. फायनान्सचा वसुलीवाला लॅम्प्टे गाडीची दुसरी किल्ली नाचवत रोज गॅरेजच्या फाटकाशी यायचा. पण कायदा ताईच्या बाजूने होता. गाडी तिच्या ताब्यात असेपर्यंत आधी तिचे पैसे, मग फायनान्सवाल्यांचे. गाडी हातची गेली की मग बसा बोंबलत.

त्या दिवशी टॅक्सीवाल्यांचा संप. बोआडू बायकोला, एफुआला, हातगाडीवर घालून आला. तिला कळा सुटल्या होत्या.

"ताई, गाडी दे!"

"देणार नाही. मीच चालवते. बसा!"

लॅम्प्टे मोटारसायकलवर मागे लागला. "काय मेकॅनिकबाई, कुठेतरी उतरालच की!"

"तू जाळ तुझं पेट्रोल! मी सीट सोडत नाही!"

दवाखान्याच्या दारात एफुआची शुद्धच हरपली. बाहेर चिटपाखरू नव्हतं. बोआडूला ती एकट्याला उचलवेना.

"ताई, पाय धर गं!"

"लॅम्प्टे, हात लाव रे!" ताई ओरडली. तो नुसता हसला आणि खिशातून ती दुसरी किल्ली काढली.

ताई उतरली. दोघांनी एफुआला उचलून आत नेलं, तोच मागे इंजिन सुरू झालं. ताईनेच बसवलेलं, एका दमात सुरू झालं बघ.

खरं सांग, तू उतरली असतीस?