नऊ नंबरचं पिंप

ग्रासिएतनं काचेची नळी नऊ नंबरच्या पिंपात सोडली, घोटभर वाइन ओढून पेल्यात घेतली, हुंगली, आणि मोठ्यानं म्हणाली, "अगं बया! तू कुठून आलीस?"

तळघरात दुसरं कुणी नव्हतं. पण सव्वीस वर्षं पिंपांची राखण केली की बाई पिंपांशीच बोलायला लागते, आणि पोर्तुगालातल्या आमच्या दाँव खोऱ्यात त्याचं कुणाला नवलही वाटत नाही.

नवल होतं ते पेल्यात. सकाळपासून तिनं आठ पिंपं चाखली होती. सगळी एकाच जुन्या मळ्याची, गेल्या सप्टेंबरच्या तोडणीची, तोरिगा जातीची द्राक्षं आणि तिच्या चार बहिणी एकत्र आंबवलेली. रंग गडद, अंगानं भक्कम, पण वास? धुऊन वाळत टाकलेल्या फडक्याला असतो तेवढा. आणि हे नववं म्हणजे डोंगरातली जांभळी फुलं, संत्र्याची साल आणि मागून हळूच पाइनचा चीक. तिच्या बापाच्या वेळेपासून इथली वाइन अशीच असायची. तिनं दुसरा घोट घेतला. मग तिसरा, आणि तिसरा काही कामासाठी नव्हता.

गुरुवारी वेली उपटणारं यंत्र येणार होतं. आज मंगळवार.

मालक आदेरितु आठवड्यापूर्वीच बोलून मोकळे झाले होते. "मळा म्हातारा झाला, ग्रासिएत. साठ वर्षं म्हणजे काय थट्टा आहे? यंदाच्या वाइनला वासच नाही. उपटू, आणि एकाच जातीची सरळ रांग लावू." ती काय बोलणार? मळा मालकांचा. पण त्यातली एकेक वेल तिच्या बापानं, सिल्विनुनं, पहारीनं खडक फोडून लावलेली. त्याच्या थडग्यावर नावापलीकडे काही नाही. जे काय होतं ते त्या उतारावर.

"योलांदाबाई!" तिनं जिन्यातून हाक मारली. "खाली या आधी! कॉफी राहू दे तिथंच!"

वाइनची इंजिनीअर योलांदा धावतच आली. लिस्बनची पोरगी, वय एकतीस, इथली पहिलीच तोडणी. पुस्तकं पुष्कळ वाचलेली, पण नाकानं कांदे सोलणारी नव्हे. हे ग्रासिएतला तिच्यातलं सगळ्यात आवडायचं. योलांदानं पेला नाकाशी धरला आणि डोळे मिटले.

"हे आपलं आहे?"

"मग काय शेजारच्यांनी रात्री आणून ओतलं?"

"लाकूड वेगळं असेल." योलांदा वाकून पिंपाच्या पाठीवरचा शिक्का वाचायला लागली. तोच पिंपवाला, तेच ओकचं लाकूड, आतून तितकंच भाजलेलं. मग दोघींनी भिंतींना हात लावून पाहिले. नऊ नंबरपाशी ओल जास्त आहे का, दाराचा वारा लागतो का? काही नाही. आठवं पिंप त्याला खेटून होतं आणि आठवं तर ठार मुकं.

"पिंपात काही नाही," योलांदा म्हणाली. "म्हणजे भानगड पिंपात जायच्या आधीची. तारीख काय आहे?"

पाठीवर खडूनं लिहिलं होतं: चोवीस सप्टेंबर. तोडणीचा पाचवा आणि शेवटचा दिवस. त्या दिवशीचा माल थोडा, एकाच पिंपाचा.

"त्या दिवशी पाऊस?"

"छे! आठवडाभर टिपूस नव्हता."

"मग वेगळं काय झालं?"

ग्रासिएतनं खांदे उडवले. पण डोक्यात भुंगा शिरला तो शिरलाच. जेवायच्या सुट्टीत तिनं मक्याच्या पावाचा तुकडा आणि चीज खिशात टाकलं आणि तडक झुल्मिरामावशीचं घर गाठलं.

झुल्मिरामावशी ऐंशी वर्षांची. तोडणीला अजून सगळ्यांच्या पुढं. ती उंबऱ्यावर उन्हात बसून वाल सोलत होती.

"मावशी, शेवटच्या दिवशी तुम्ही कुठल्या रांगा तोडल्या?"

"वरच्या. का गं? चोरी झाली का?"

"वरच्या तर पहिल्या दिवशीही तोडल्यात. अर्ध्या."

"अर्ध्या तेव्हा, अर्ध्या शेवटी. तुझ्या मालकाच्या डोक्याचा हिशेब."

म्हणजे जमीनही तीच. ग्रासिएत पायरीवर बसली आणि न विचारताच वाल सोलायला लागली. "मग त्या दिवशी काहीतरी वेगळं केलंत तुम्ही. आठवा."

"मी? सहा वर्षांची असल्यापासून करते तेच केलं. हाताला येईल तो घड टोपलीत." म्हातारीनं तिच्याकडं तिरकं पाहिलं. "तू काय केलंस ते सांग."

"मी कुठं होते? मी विझेऊला..."

ती थांबली. हातातली शेंग तशीच राहिली.

त्या दिवशी ती विझेऊ शहरात दाढ काढायला गेली होती. आधीचे चारही दिवस मात्र ती मळ्याच्या फाटकापाशी यंदाच मांडलेल्या निवडायच्या टेबलावर बसून होती. योलांदाबाईंनी बजावलं होतं, तांबड्यात एकही पांढरा घड जाता कामा नये. आणि सांगितलेलं काम चोख करायचं ही ग्रासिएतची खोड. टोपली उलटली की तिचा हात ससाण्यासारखा जायचा आणि पांढरा घड बाजूच्या बादलीत.

"पाचव्या दिवशी टेबलावर कोण होतं, मावशी?"

"कोण बसतंय! शेवटची टोपली फुलांनी सजवायची होती, अकॉर्डियनवाला आला होता. पोरी नाचत होत्या. सगळं गेलं आंबवायच्या हौदात. तांबडं, पांढरं, एखादा सरडाही गेला असेल." म्हातारी खुदखुदली, मग तिचा आवाज खाली आला. "तुझा बाप दहा तांबड्यांमागं एक पांढरी वेल लावायचा. आम्ही हसायचो त्याला. म्हणायचो, सिल्विनु, तुला मोजता येत नाही का?"

ग्रासिएतला ते माहीत होतं. लहानपणी तिनंही बापाला विचारलं होतं, ही एकच पांढरी का? तो म्हणाला होता, "वाइनला विचार." मोठ्या माणसांची टाळाटाळ, असं तिला तेव्हा वाटलं होतं. आणि आज? बापानं साठ वर्षांपूर्वी विचारपूर्वक घातलेलं, ते लेकीनं चार दिवस वेचून वेचून बाहेर काढलं होतं. मळा म्हातारा झाला नव्हता. त्याच्या नरडीला तिचाच हात लागला होता.

"ते पांढरे घड टाकलेस कुठं?" मावशीनं विचारलं.

"टाकते कशाला? घरी नेले. वाइन केली. जिन्याखाली काचेचा मोठा फुगा भरून आहे."

"काखेत कळसा आणि गावाला वळसा!" म्हातारीनं वालाचं सूप बाजूला सारलं आणि उठलीच. "चल. मी पण येते. असला तमाशा मी चुकवणार नाही."

तासाभरात चौघं तळघरात होती. मालक कपाळाला आठ्या घालून, योलांदा मोजायची नळी घेऊन, मावशी एका उलट्या पेटीवर, आणि मध्ये ग्रासिएत, भोवती वेत विणलेला काचेचा गोल बुधला, तो फुगा, पोटाशी धरून.

नोकरी जाईल ही भीती होतीच, पण त्याहून मोठी होती लाज. तरी ती बोलली. "मालक, मळ्याला काही झालेलं नाही. वासाला काय झालं ते मी केलंय. या हातांनी."

तिनं सगळं सांगितलं. योलांदाचा चेहरा आधी पांढरा, मग लाल झाला. "हुकूम माझा होता," ती म्हणाली. "तुमचा नाही."

"तुमचा हुकूम, माझा हात. माझ्या बापाच्या वेली. मला कळायला हवं होतं."

"कळलं, कळलं, रडगाणं नंतर," मावशी म्हणाली. "ओता आता."

योलांदानं तीन नंबरच्या मुक्या पिंपातून दहा भाग घेतले आणि त्यात ग्रासिएतच्या घरच्या पांढरीचा एक भाग. ढवळलं, चारी पेल्यांत वाटलं. मालकांनी हुंगलं. परत हुंगलं. मग नऊ नंबरचा पेला शेजारी धरून नाक इकडून तिकडं फिरवत राहिले.

"तीच नाही," ते म्हणाले.

ग्रासिएतनं फुग्याचं बूच परत बसवलं.

"तीच नाही. हौदात एकत्र आंबलेलं ते वेगळंच. पण..." त्यांनी घोट घेतला, तोंडात खेळवला. "बहीण आहे. नक्की सख्खी बहीण."

त्यांनी खिशातून फोन काढला. तळघरात रेंज नव्हती, म्हणून ते जिना चढून वर गेले आणि तिथून त्यांचा आवाज खाली आला, "यंत्र नको. नाही, पुढच्या आठवड्यातही नको. नकोच म्हणतोय ना!"

परत आले तेव्हा ते ग्रासिएतसमोर उभे राहिले. छातीशी अजून फुगा धरलेला, अशी ती मान खाली घालून थांबली होती. आता आपली पाळी, असं तिला वाटलं.

"ग्रासिएत," मालक म्हणाले, "पुढच्या सप्टेंबरात तुझ्या किती दाढा काढायच्यात?"

झुल्मिरामावशी फिस्सकन हसली. ग्रासिएत हसायला गेली आणि रडूच फुटलं तिला. बापाच्या मातीला रडली नव्हती एवढं. योलांदानं तिच्या हातातून फुगा अलगद काढून घेतला.

"पाच दिवसांची तोडणी, मालक," ग्रासिएत नाक पुसत म्हणाली. "पाच काढीन."

मग तिनं खडू उचलला आणि नऊच्या आकड्याखाली बापाचं नाव लिहिलं.