नवल कुठे आहे?

रूपा हसली होती, एवढाच तिचा गुन्हा. जळगावच्या एका खासगी दवाखान्यात ती नर्स होती आणि दिवाळीच्या फराळाच्या वेळी कुणा मैत्रिणीने काढलेल्या व्हिडिओत ती तोंडावर हात धरून हसत होती. पुढे काही महिन्यांनी त्या दवाखान्यात एक नवजात बाळ दगावलं, तेव्हा धुळ्याच्या लीलाधरने आपल्या बातम्यांच्या चॅनेलवर त्या बाळाच्या आईचा आक्रोश आणि रूपाचं ते जुनं हसू एकमेकांना जोडून दाखवलं. खाली एकच ओळ होती : ‘ही का हसते आहे?’

बाळ गेलं त्या दिवशी रूपा सुट्टीवर होती, भुसावळला बहिणीच्या घरी. पण हे ऐकून घ्यायला कुणालाच वेळ नव्हता. बसमध्ये बायका तिच्या शेजारून उठून जाऊ लागल्या, ठरत आलेलं लग्न मोडलं, भाजी घेताना एका अनोळखी माणसाने तिच्या तोंडावर थुंकून त्याचाही व्हिडिओ केला. आणि पावसाळ्याच्या अखेरीला ती तापीच्या पुलाकडे गेली ती परतलीच नाही. लीलाधरने तीही बातमी दिली. मथळा होता ‘अखेर पश्चात्ताप’.

रूपाची थोरली बहीण ज्योत्स्ना भुसावळला फोटो स्टुडिओ चालवायची. दुखवट्याचे दिवस झाल्यावर ती धुळ्याला लीलाधरच्या ऑफिसात गेली. त्याने तिला खुर्ची दिली, चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं.

“वाईट झालं, ताई,” तो म्हणाला. “पण आम्ही कुणावर आरोप करत नाही. आम्ही फक्त प्रश्न विचारतो. उत्तरं लोक देतात.”

परतीच्या बसमध्ये ते वाक्य ज्योत्स्नाच्या मनात रुतून बसलं. त्याच्यावर खटला भरावा, त्याच्या तोंडाला काळं फासावं, असं काही तिला वाटलं नाही. त्यालाही एक प्रश्न विचारला जावा, ज्याचं उत्तर त्याच्याकडे नसेल, एवढंच तिला हवं होतं.

घाई तिने केली नाही. धुळ्याजवळच्या त्याच्या गावी जाऊन ती त्याच्या आईच्या ओट्यावर टेकली. मंजुळाबाई कापसातला कचरा वेचत होत्या. पाणी पिता पिता ज्योत्स्नाने सहज विचारलं, मुलं किती?

“माले एकच आंडोर शे, माय,” म्हातारी म्हणाली. “देवनी दुसरा दिन्हा नही.”

स्टुडिओत परतल्यावर तिने लीलाधरचे जुने फोटो शोधून काढले, त्यातलं नाक, त्यातली हनुवटी घेतली, बाकी चेहरा कॉम्प्युटरने भरला, आणि खांद्याला खांदा लावून उभे असलेले दोन भाऊ तयार केले. धाकट्याला तिने नवल असं नाव दिलं. मग एका खोट्या खात्यावरून तो फोटो टाकून खाली लिहिलं : ‘लीलाधर भाऊ, तुमचा धाकटा भाऊ नवल कुठे आहे?’

लीलाधर आधी हसला. मला भाऊच नाही, असं त्याने चॅनेलवर सांगितलं. पण त्यानेच तर लोकांना नकार म्हणजे कबुली असं समजायला शिकवलं होतं. प्रश्न गावोगावच्या ग्रुपांवर फिरू लागला. त्याच्या प्रत्येक बातमीखाली तेच, नवल कुठे आहे, नवल कुठे आहे. दुपारी गिऱ्हाईक नसताना ज्योत्स्ना ते वाचत बसायची. कितीतरी दिवसांनी तिला जेवण गोड लागू लागलं होतं.

मग एका दुपारी कुणीतरी लिहिलेलं तिने वाचलं : ‘नवल डावा पाय ओढत चालायचा. पोहण्यात मात्र त्याला कुणी हरवलं नाही.’

पायाचं तिने काही लिहिलं नव्हतं. कुणी थापाड्या असेल, म्हणून तिने सोडून दिलं. पण दोन दिवसांनी शिरपूरच्या एका बाईने त्याच पायाबद्दल लिहिलं, आणि त्यानंतर कुणीतरी शाळेतल्या वर्गाचा जुना फोटो टाकला. दुसऱ्या रांगेत तिने घडवलेला तोच चेहरा होता, फक्त लहान, नुकत्याच कापलेल्या केसांचा. ज्योत्स्नाने तो पडद्यावर मोठा करून कितीतरी वेळ तपासला. सावल्या बरोबर होत्या. कोपऱ्यातली बुरशी खरी होती. जोडकाम कुठे लपतं हे तिला ठाऊक होतं, आणि इथे ते कुठेच नव्हतं.

त्या दिवशी तिने आपलं खातं पुसून टाकलं. त्याने काहीच फरक पडला नाही.

लीलाधर चॅनेलवर दिसेनासा झाला. आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी एका भर दुपारी तो तिच्या स्टुडिओत येऊन उभा राहिला, गाल बसलेले, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. त्याने तिला ओळखलं नाही. मोबाइल पुढे करून तो म्हणाला, “हा फोटो मोठा करून द्याल का, ताई? फ्रेम करायचाय. धुळ्यात मला कुणी दारात उभं करत नाही.”

पडद्यावर ते दोन भाऊ होते.

 ज्या क्षणासाठी ज्योत्स्ना इतके महिने जगली होती, तो हाच होता. “रूपा आठवते?” तिने विचारलं.

त्याने खरोखर आठवून पाहिलं. त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. “कोण रूपा?”

“हसणारी नर्स. तापीत जीव दिला तिने. तुझ्यामुळे.”

“खूप बातम्या केल्या, ताई,” तो ओशाळून म्हणाला. “लक्षात नाही राहत.”

“मग हे लक्षात ठेव. हा फोटो मी बनवलाय. हा माणूस मी बनवलाय. तुला भाऊ नव्हता, आजही नाही. तू माझ्या बहिणीसाठी रडायचंस, या खोट्यासाठी नाही!”

लीलाधरने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, कीव होती.

“मला वाचवायला कुणी पाठवलं तुम्हाला?” त्याने हलकेच विचारलं. “नका वाचवू. शेताच्या बांधाला पळसाचं झाड आहे ना, तिथे पुरलंय मी त्याला. पोहायला जाऊन आलो होतो. बाचाबाची झाली. उद्या पोलिसांना सांगणार आहे. फोटो तेवढा द्या, आईला लागेल.”

ज्योत्स्नाने फोटो दिला नाही. पण तो गेल्यावर तिला घरी स्वस्थ बसवेना. दुसऱ्या दिवशी ती त्या गावी पोचली तेव्हा बांधावर अर्धं गाव जमलं होतं, आणि प्रत्येकाचा मोबाइल उंच धरलेला होता. पळसाखाली माती उपसली जात होती. काही निघणार नाही, निघूच शकत नाही, हे त्या सगळ्यांत तिला एकटीला माहीत होतं.

कुदळ थांबली. खड्ड्यातला माणूस खाली वाकला, हाताने माती बाजूला करू लागला, आणि मग बाहेर येऊन त्याने डोक्यावरचा रुमाल काढला. ज्योत्स्नाने पुढे होऊन पाहिलं. मातीच्या रंगाची झालेली हाडं होती, कुशीवर निजल्यासारखी.

मंजुळाबाईंनी गर्दीतून येऊन तिचा हात घट्ट धरला. “बठ्ठा लोके इसरी ग्यात, मीबी इसरनू. तुलेच कसा याद ऱ्हायना, पोरी?”

पलीकडे पोलीस लीलाधरला जीपमध्ये बसवत होते. त्याचा चेहरा शांत होता, ओझं उतरलेल्या माणसासारखा. तो असा सुटून चालला हे पाहून ज्योत्स्नाच्या अंगाची आग झाली. निदान एकदा, जाण्याआधी, त्याच्या कानावर आपल्या बहिणीचं नाव पडायलाच हवं होतं. म्हातारीचा हात झटकून ती जीपमागे धावली आणि उरात होता नव्हता तो सगळा श्वास लावून तिने हाक मारली.

बांधावरची माणसं वळून तिच्याकडे पाहू लागली. म्हातारीने पदर डोळ्यांना लावला.

तिने नवलला हाक मारली होती.