काजूचा चीक

इंजेक्शन-आजी हे नाव काही तिने हौसेने घेतलं नव्हतं. पस्तीस वर्षं नर्सची नोकरी केली, हजारो पोरांना टोचलं, कोणी मनावर घेतलं नाही. आणि सख्ख्या नातीला एकदाच, तेही तिच्याच भल्यासाठी टोचलं, तर ही पाच वर्षांची चिमुरडी मनात डूख धरून बसली. विहीणबाईंचं मात्र बरं! पायात सदा खेळाचे बूट, म्हणून त्या बूट-आजी. शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेल्या, लेकीच्या शेजारच्याच इमारतीत राहणाऱ्या, नातीला रोज खेळायला नेणाऱ्या. इंजेक्शन-आजीच्या वाट्याला वर्षातून आठ दिवस यायचे, आणि त्यातले सात नात तिच्याकडे संशयाने बघण्यात घालवायची.

आज आठवा दिवस होता. मुलाने सगळ्यांना बेटावर आणलं होतं. सकाळी एका बागेत फेरी, दुपारी समुद्राच्या कड्यावरून दोन तासांची पायवाट. होडीतून उतरल्या उतरल्या बागायतदाराने बजावलं, "कड्यावरची वाट अरुंद आहे. लहान मुलाने एकाच मोठ्या माणसाचा हात धरायचा, शेवटपर्यंत सोडायचा नाही. कोणाचा धरायचा ते ठरवून ठेवा."

"मी जेवण झाल्यावर सांगेन," नात ऐटीत म्हणाली.

झालं! साठी उलटलेल्या दोन बायका निवडणुकीला उभ्या राहिल्या.

इंजेक्शन-आजीने पर्समधून लिमलेटच्या गोळ्या काढल्या. तेवढ्यात विहीणबाईंनी नातीला सरळ खांद्यावर बसवलं. गोळ्या मुकाट्याने पर्समध्ये परत गेल्या. या वयात खांद्यावर! मणका सरकेल तेव्हा कळेल, असं तिच्या मनात आलं, आणि सरकला तर बरं होईल, असंही आलं. तिचा नुसता जळफळाट चालला होता. मिरीचे वेल आले नि गेले, नारळाची रोपं आली नि गेली, तिला दिसत होते ते नातीचे खांद्यावरून लोंबणारे दोन पाय.

काजूच्या झाडाखाली बागायतदार थांबला. पिवळंधमक बोंड आणि त्याच्या टोकाला लटकलेली हिरवी बी दाखवून म्हणाला, "ही बी कच्ची तोंडात घालायची नाही. टरफलात चीक असतो, कातडी भाजून निघते." मुलगा आणि सून फोटो काढत पुढे गेले होते. विहीणबाई मागे नातीच्या बुटाची नाडी बांधत होत्या. ऐकलं ते फक्त इंजेक्शन-आजीने. तिने जाणत्या माणसासारखी मान डोलावली आणि बागायतदार पुढे चालू लागला.

मागून विहीणबाई आल्या. त्यांनी खाली पडलेली एक हिरवी बी उचलली, पदराला पुसली.

"अगं बाई, काजू! थांब हं, बूट-आजी दातांनी फोडून देते तुला."

नातीने टाळ्या पिटल्या. विहीणबाईंनी बी तोंडाशी नेली आणि जरा थांबून इंजेक्शन-आजीकडे बघितलं.

इंजेक्शन-आजी बोलली नाही. बोलायला वेळ होता, भरपूर होता. भाजू दे जरा, जिरू दे एकदा, असं तिला अगदी स्पष्ट वाटलं.

टरफल कचकन फुटलं. विहीणबाईंनी फुटलेली बी तोंडातून काढली आणि तशीच नातीच्या ओठांपुढे धरली.

"टाक!" इंजेक्शन-आजी ओरडली आणि तिने विहिणीच्या हातावर फटका मारला. बी उडून गवतात पडली. नात घाबरून रडायला लागली आणि बूट-आजीला बिलगली. बूट-आजी तोवर तोंड धरून मटकन खाली बसल्या होत्या.

मग तिच्यातली नर्स कामाला लागली. चुळा भरायला लावल्या, ओठ आणि बोटं साबणाने धुतली, खोबरेल लावलं.

जेवताना विहीणबाईंना घास घेता येईना. ओठ टरारून सुजले होते. तरी सगळ्यांसमोर त्या म्हणाल्या, "विहीणबाई होत्या म्हणून पोरीचं तोंड वाचलं."

"आई, तुझं लक्ष असतं बाई सगळीकडे!" मुलगा कौतुकाने म्हणाला.

नात उठली, टेबलाला वळसा घालून आली आणि तिने आपला चिकट हात इंजेक्शन-आजीच्या हातात घातला. "मी हिचा धरणार."

पाच वर्षं ज्याची वाट बघितली तो हात हातात आला, आणि आजीने ताट बाजूला सारलं.

कड्यावर मुलगा आणि सून पुढे होते, मध्ये आजी आणि नात, मागे विहीणबाई. डाव्या हाताला खोल खाली समुद्र आपटत होता. एका वळणावर विहीणबाई जड जिभेने म्हणाल्या, "खरं सांगू? बी तोंडात घालण्याआधी मी तुमच्याकडे बघितलं होतं. म्हटलं, या नर्स आहेत. काही वावगं असतं तर बोलल्या असत्या."

आजी थांबली. मागे वळून तिने त्या सुजलेल्या ओठांकडे बघितलं.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "बागायतदाराने सांगितलं होतं. मी मुद्दाम गप्प बसले."

नात विचारत होती, काय झालं, का थांबलो. आजीने बोटं सैल केली आणि नातीचा हात मागे, विहीणबाईंकडे केला.

"सोडू नका," विहीणबाई म्हणाल्या. "वाट अरुंद आहे. पुढे बघून चाला."