आरोहीची हलकी सायकल

आमच्या घराकडून वर सड्यावर जायला एकच रस्ता आहे आणि तो चढताना चांगल्या धडधाकट माणसालाही धाप लागते. वर मोकळं सपाट मैदान. संध्याकाळी आळीतली सगळी पोरं तिथे सायकली फिरवतात. त्यांचा एक नियम आहे, तो कुणी केला देव जाणे: ज्याला आईबाप ढकलत वर आणतात, त्याला खेळात घ्यायचं नाही. माझी आरोही सात वर्षांची. तिला मी रोज ढकलत वर नेत होते, आणि वर गेल्यावर आम्ही दोघी कातळावर बसून दुसऱ्यांचा खेळ बघत होतो.

ऑफिस सुटलं की रिक्षा, घरी आलं की चहा नाही, पाणी नाही, आधी सायकल. जुनी सायकल माझ्या भाच्याची, लोखंडी, म्हशीसारखी जड. माझा नवरा जहाजावर. त्याला एकदा फोनवर मी वैतागून म्हटलं, "दर्शन, तू तिकडे समुद्रावर, इकडे माझा बैल झालाय." त्याने तिकडे बसून लहान मुलांच्या सायकलींबद्दल आईबापांनी जे जे लिहिलंय ते सगळं वाचून काढलं. हलकी घ्या, गिअरची घ्या, मूल चढावर एकटं जातं, असं म्हणे सगळेच लिहितात. आणि एक दिवस घरी खोकं आलं.

सायकल खरंच हलकी होती. निळी, ॲल्युमिनियमची. मी एका हाताने उचलून पडवीत ठेवली आणि मला इतकं बरं वाटलं, की त्या दिवशी मी बसून चहा प्यायले.

माझे सासरे आप्पा एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. त्यांनी सायकल उचलली, खाली ठेवली, परत उचलली. त्यांचा चेहरा पडला.

"ही काय गो सायकल? वाऱ्यानं उडंल. पोर बसायची हाय हिच्यावर."

तिथून सुरुवात झाली. आधी स्टँड. बरं, स्टँड हवाच. मग पत्र्याचे मडगार्ड, लाल चिखल पाठीवर उडतो म्हणून. मग कॅरिअर. मग पुढे तारेची बास्केट, आणि कुलपासकट एक साखळी, जी खरं तर फाटकाला शोभली असती. आरोही दिवस पुरे व्हायच्या आत जन्मली, काचेच्या पेटीत राहिली. तेव्हापासून आप्पा तिच्याभोवती काही ना काही गुंडाळतच आलेत. आधी दुपटी, मग रत्नागिरीच्या उकाड्यात स्वेटर, आता लोखंड. शेवटी त्यांनी गिअरवर चिकटपट्टी मारून तो एका जागी बसवून टाकला. पोर त्याच्याशी खेळत बसेल आणि चेन पडेल, हे कारण.

मला दिसत नव्हतं असं नाही. पण आप्पांशी वाद घालायलाही अंगात जोर लागतो, आणि माझा तो चढावरच संपायचा. आरोही अर्ध्यावर थांबायची, मी ढकलायचे. फोनवर दर्शन विचारायचा, "आता एकटी जाते ना?" मी म्हणायचे, "जाईल."

मग एका शुक्रवारी पायरीवरून सायकल उतरवताना माझ्या कमरेत उसण भरली. तीच सायकल, आता दोन हातांनी पेलेना. मी तिथेच पायरीवर बसले, आप्पांच्या पेटीतला पाना घेतला आणि नट सोडवायला लागले.

"काय चाललंय गो?" आप्पा बाहेर आले.

"दर्शनने एक हलकी सायकल पाठवली होती. ती शोधतेय."

 कॅरिअरचा नट मला निघेना, तेव्हा आप्पांनीच माझ्या हातातून पाना घेतला. चिकटपट्टीला मात्र ते शिवले नाहीत. ती मी नखाने सोलून काढली.

"पडली तर मला सांगू नको," ते म्हणाले आणि आत गेले.

चढावर आरोहीने गिअर हलका केला. पाय भराभर फिरत होते, सायकल हळूहळू जात होती, पण जात होती. मी कमरेवर हात ठेवून मागून. वळणावरच्या फणसापाशी तिने पाय टेकला.

"आई, ढकल."

मी रस्त्याकडेच्या जांभ्या दगडाच्या बुटक्या गडग्यावर बसले होते. "आरू, आज आईच्याने होत नाही."

"थोडंसंच."

"नाही होत गं."

आता कुणाला वाटेल, आई शहाणी, मुलीला मुद्दाम शिकवत होती. शहाणपण कसलं, मी दमले होते. तिने येऊन हात ओढला असता तरी मला उठता आलं नसतं. ती रडली, मी वाईट आहे म्हणाली. मग नाक पुसून तिने सायकल रस्त्याला आडवी वळवली, वर बसली आणि तिरकी तिरकी चढत वळणाआड गेली.  उठावंसं वाटत होतं, उठवत नव्हतं.

थोड्या वेळाने आप्पा आले, धापा टाकत.

"पोर कुठाय?"

"वर."

"तू ढकललंस नाय?"

"नाही."

ते माझ्या शेजारी बसले. वरून पोरांचा आरडाओरडा ऐकू येत होता. त्यात आरोहीचा आवाज कुठला, ते आम्हा दोघांनाही कळेना. आप्पा दर आरोळीला मान वळवून वळणाकडे बघत होते.

दिवेलागणीला ती ब्रेक दाबत खाली उतरली. तोंड लालबुंद.

"मला घेतलं खेळात," ती म्हणाली. "आई, उद्या तू येऊ नको हां. तू आलीस तर ते परत काढतील."

"मग मी येतो," आप्पा म्हणाले.

"आप्पा, तुम्हीपण नको."

ती पुढे घराकडे निघून गेली. इतके महिने रोज संध्याकाळी मला हेच ऐकायचं होतं, की येऊ नको. ऐकलं आणि मला रडू फुटलं. आप्पांनी ते पाहिलं, मग रस्त्याकडे बघत राहिले.

"कंबर दुखतेय काय गो?"

"हो," मी म्हटलं.

"माझीपण," आप्पा म्हणाले.